दफनभूमीतून सुरू होणारी मैफल

मेटालिकाची मैफल मेटालिकाच्या संगीतानं सुरू होत नाही. १९८३ पासूनचा या हेवी मेटल बँडचा हा रिवाज आहे. दिवे मालवतात, स्पीकरवर एक ध्वनिफीत लागते आणि हजारो माणसं त्या शब्दहीन सुरांबरोबर गाऊ लागतात. फितीवर असते एन्नियो मॉरिकोने या रोमच्या संगीतकाराची 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड' ही रचना, १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या सिनेमातली. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर या बँडनं भारतात पहिल्यांदा मैफल केली, त्या संध्याकाळीही सुरुवात याच सुरांनी झाली.

हा मान त्याच रचनेला का मिळावा, हे कळायला सिनेमातला तो प्रसंग पुन्हा पाहावा लागतो. टुको हा दरोडेखोर एका प्रचंड दफनभूमीत येऊन पोहोचतो. इथल्या एका थडग्यात सोनं पुरलंय. नाव माहीत आहे, जागा माहीत नाही. स्पेनच्या बुर्गोस प्रांतात या चित्रीकरणासाठी स्पॅनिश सैनिकांनी हजारो खोट्या थडग्यांची वर्तुळं उभी केली होती. टुको झालेला एली वॉलक त्यांतून धावत सुटतो. संवाद एकही नाही. पियानोवर एक छोटी आकृती घुमत राहते, तिच्यावर इंग्लिश हॉर्नची सुरावट येते, मग एड्डा देल'ओर्सो या गायिकेचा शब्दांवाचूनचा आवाज वर चढत जातो. ड्रम, घंटा, पितळी वाद्यं, समूहस्वर एकेक करून येऊन मिळतात. धावणाऱ्याचा वेग वाढतो तसा कॅमेराही गरगरतो, शेवटी थडग्यांच्या नुसत्या रेषा उरतात. आणि संगीत ऐन शिखरावर असताना तुटतं. टुकोला नाव सापडलेलं असतं.

सगळी मिळून जेमतेम साडेतीन मिनिटं. पण तेवढ्यात मॉरिकोने आणि दिग्दर्शक सर्जो लिओने (हे दोघे प्राथमिक शाळेत एका वर्गात होते) ऐकणाऱ्याला अशा टोकावर नेऊन ठेवतात की पुढे काहीतरी घडलंच पाहिजे. माझ्या मते मेटालिकानं सिनेमाकडून घेतलं ते हेच: ताण कसा चढवायचा आणि कुठे सोडायचा. मॉरिकोनेची चाल त्यांच्या गाण्यांत शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. प्रसंग बांधण्याची त्याची रीत मात्र जागोजाग सापडते.

ही फीत वाजवण्याची कल्पना सुचवली जॉन झझूला यानं. न्यू जर्सीत रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या या माणसानं मेटालिकाची पहिली तबकडी काढली. तेव्हा बँड दोन वर्षांचा होता, पोरं विशीची होती आणि गाणी सुसाट होती. पहिल्या तबकडीवर थांबणं असं फारसं नाही. वर्षभरात, १९८४ च्या 'राइड द लाइटनिंग'वर, चित्र पालटलं. संथ सुरुवाती आल्या, लांबलचक वाद्यखंड आले. याचं सगळं श्रेय एका ध्वनिफितीला देणं चुकीचं ठरेल. बाख आवडीनं ऐकणारा बेसवादक क्लिफ बर्टन त्यामागे होता. पण रोज रात्री मंचाच्या मागे उभं राहून तीच चढण ऐकायची आणि ती संपल्यावर पहिला सूर आपण लावायचा, हाही एक रियाजच म्हणायला हवा.

त्याच तबकडीवरच्या 'क्रीपिंग डेथ'चा जन्म तर थेट सिनेमा पाहताना झाला. सेसिल बी. डमिलचा १९५६ चा 'द टेन कमांडमेंट्स' चालू होता. इजिप्तमधल्या थोरल्या मुलांचा जीव घ्यायला मृत्यू धुक्याच्या रूपानं सरपटत येतो, हे दृश्य पाहून बर्टनच्या तोंडून जे निघालं तेच गाण्याचं नाव झालं. मधल्या भागाची रिफ गिटारवादक कर्क हॅमेटनं आपल्या आधीच्या बँडमधून आणली होती. म्हणजे सूर आधीपासून घरात पडून होते. ते कुणाच्या तोंडी घालायचे हे सिनेमानं दाखवलं. गाणं मृत्यूच्याच तोंडी आहे.

मेटल आणि सिनेमाचं हे नातं तसं मेटलइतकंच जुनं. बर्मिंगहॅमच्या चार पोरांचा बँड तालीम करायचा तिथे समोरच्या थिएटरात मारिओ बावाचा 'ब्लॅक सॅबथ' हा भयपट लागला होता. घाबरायला माणसं पैसे मोजून रांगा लावतात, मग संगीतानं का घाबरवू नये, असा विचार करून त्यांनी १९६९ मध्ये सिनेमाचं नावच उचललं.

मेटालिकाचं सर्वांत सिनेमासारखं गाणं मात्र 'वन', १९८८ चं. डाल्टन ट्रंबोनं स्वतःच्या 'जॉनी गॉट हिज गन' या कादंबरीवर १९७१ मध्ये त्याच नावाचा सिनेमा काढला होता. हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं युद्धात गमावलेला सैनिक इस्पितळात पडून आहे. शुद्ध मात्र शाबूत. डोकं आपटून तो मोर्स संकेतांत बोलू पाहतो. त्याच सैनिकाचं हे गाणं रणांगणाच्या आवाजांनी उघडतं, मग अगदी हळुवार गिटार. चार मिनिटं उलटून गेल्यावर ड्रमवादक लार्स उलरिकचे दोन्ही पाय बेस ड्रमवर मशिनगनसारखे सुटतात आणि गिटार त्याच ठेक्यावर येऊन आदळते. कोंडलेल्या माणसाचा आक्रोश कुठल्याही ओळीपेक्षा त्या ठेक्यात जास्त आहे. तोवर व्हिडिओ न काढणाऱ्या या बँडनं १९८९ मध्ये पहिला व्हिडिओ काढला तो याच गाण्याचा. त्यात सिनेमातली दृश्यं आणि संवाद वापरले आणि त्यासाठी त्या सिनेमाचे हक्कच विकत घेतले.

१९९१ च्या 'द अनफरगिव्हन' या गाण्यावर वेस्टर्नपटांची छाया उघड दिसते. एप्रिल १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर दोन मैफली झाल्या, तेव्हा संयोजन आणि संचालन केलं 'डाय हार्ड'चे संगीतकार मायकल केमन यांनी, आणि वाद्यवृंदानं आरंभी वाजवली ती दफनभूमीचीच रचना. २००७ मध्ये मॉरिकोनेंच्या सन्मानार्थ निघालेल्या संग्रहात बँडनं ती स्वतः ध्वनिमुद्रित केली. मला ती मूळ रचनेपुढे फिकी वाटते. देल'ओर्सोच्या आवाजाची जागा गिटार घेते, पण त्या आवाजात असलेलं धाप लागणं तारेत उतरत नाही. बँडलाही ते जाणवलं असावं. मैफलीआधी आजही मूळचीच फीत लागते.

सिनेमाचं वेड या बँडमध्ये सर्वांत खोल मुरलंय ते हॅमेटमध्ये. भयपटांची जुनी भित्तिपत्रकं त्यानं वर्षानुवर्षं जमवली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पीबडी एसेक्स संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि तिथे वाजवण्यासाठी त्यानं संगीतही रचलं. त्यातूनच २०२२ मध्ये 'पोर्टल्स' ही त्याची स्वतंत्र तबकडी निघाली. चार रचना, गायन नाही. एका रचनेचं नाव क्लिंट ईस्टवुडच्या १९७३ च्या वेस्टर्नचं, 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर'. फ्लॅमेंकोच्या वळणाची गिटार, तिच्यामागे वाद्यवृंद, आणि वाट पाहायला लावणारी तीच चढण. सिनेमा कुणी काढलेला नाही, पार्श्वसंगीत तयार आहे.