एका खासदारामागे किती माणसे?

मुली शिकल्या की जननदर (एका बाईमागची सरासरी मुले) उतरतो, हे गेल्या लेखात वाचून एका वाचकाने विचारले आहे, की मग ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली, जागांच्या फेरवाटपात त्यांचाच लोकसभेतला वाटा घटवणे हा अन्याय नाही का? प्रश्न रास्त आहे. पण राज्य म्हणजे जणू एक कर्ता माणूस आणि घटलेला जननदर ही त्याची कमाई, असे त्यात धरून चालले आहे, आणि माझी हरकत तिथेच आहे.

१९७१च्या जनगणनेवरून केरळला २०, राजस्थानला २५ आणि महाराष्ट्राला ४८ जागा मिळाल्या. एका खासदारामागे केरळात सुमारे १०.७ लाख, राजस्थानात १०.३ लाख, महाराष्ट्रात १०.५ लाख माणसे. वाटप बऱ्यापैकी समान होते. १९७६ साली, आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीने ते २००१ पर्यंत गोठवले. पुढे ८४व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. कुटुंबनियोजन राबवणाऱ्या राज्याला फटका बसू नये, हा हेतू. २०११च्या लोकसंख्येवर तोच भागाकार केला तर केरळात १६.७ लाख येतात आणि राजस्थानात २७.४ लाख. म्हणजे राजस्थानातल्या पाच जणांचे लोकसभेतले वजन केरळातल्या तिघांइतके.

आता केरळचा जननदर उतरला तो केवळ एखाद्या सरकारी मोहिमेने नव्हे. आजच्या केरळातल्या त्रावणकोर संस्थानात १८१७ साली राणी गौरी पार्वतीबाईंनी शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असा हुकूम काढला. पुढे मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, समाजसुधारक नारायण गुरूंची चळवळ आली. १९७६च्या कितीतरी आधी पेरलेले हे पीक आहे. राजस्थानात २०११ सालीही स्त्रियांची साक्षरता ५२ टक्क्यांच्या आसपास होती, केरळात ९२. ज्या बाईला शाळा मिळाली नाही, तिच्याच मताचे वजन आपण आणखी कमी करतो. शिक्षा सरकारला नाही, तिला होते. शिवाय खासदारामागची माणसे मोजून कुटुंबनियोजन मोजता येत नाही. महाराष्ट्रात हा आकडा २०११ साली २३.४ लाख होता, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपला जननदर १.७, म्हणजे केरळच्या १.८ हूनही खाली. मुंबई-ठाणे-पुण्याकडे येणारा स्थलांतरितांचा लोंढा कुठल्याही कुटुंबनियोजन केंद्राच्या वहीत सापडत नाही. त्याच पाहणीत राजस्थानही २.० वर उतरला आहे.

यावर दक्षिणेचा आक्षेप असा, की उत्तरेच्या जागा वाढल्या तर दिल्लीत आमचे ऐकणार कोण? ही भीती खोटी नव्हे. मात्र ती संघराज्याची अडचण आहे, आणि तिच्यावरचा उपाय नागरिकाच्या मतातून कापून घेणे मला पटत नाही. राज्यांचा आवाज राखण्यासाठी राज्यसभा आहे. पण तिथेही जागा मुख्यतः लोकसंख्येवरूनच दिल्या गेल्या : उत्तर प्रदेशाला ३१, केरळला ९. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा आहेत. इतके टोक गाठायची गरज नाही. मध्यम आकाराच्या राज्यांचा राज्यसभेतला वाटा थोडा वाढवला तरी दक्षिणेला आधार मिळेल. मोठी राज्ये हे सुखासुखी मान्य करणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून लोकसभेच्या फेरवाटपाची आणि राज्यसभेच्या फेररचनेची वाटाघाट एकाच बैठकीत व्हायला हवी.