बिऱ्हाड बोटीवर, बुडी समुद्रात

दिवाळीचा फराळ आणि घरातले बेत ह्यांचे काहीतरी नाते असावे. आमच्या घरचे आजवरचे सगळे मोठे बेत फराळाच्या ताटाभोवतीच ठरले आहेत. गेल्याच्या गेल्या भाऊबीजेला आमची मुलगी बंगळूरहून आली होती. अनारसा मोडता मोडता ती सहज म्हणाली, “आई, आपण तिघं मालदीवला जाऊ. हॉटेल नाही, सात रात्री बोटीवरच राहायचं. आणि दिवसातून तीनदा समुद्रात बुडी मारायची.”

मी म्हटले, “दिवसातून तीनदा बुडी? ही सुट्टी की शिक्षा?”

हे मात्र काहीच बोलले नाहीत. उठले आणि लक्ष्मीपूजनात ठेवलेली नवी लाल वही घेऊन आले. छत्तीस वर्षे हिशेबखात्यात काढलेला माणूस! पहिल्या पानावर ‘श्री’ होताच. दुसऱ्यावर ह्यांनी लिहिले : ‘मालदीव. माणसे तीन.’

त्या वहीची गोष्ट आज सांगायची आहे. आपल्यापैकी कुणाच्या मुलाने किंवा सुनेने असा बेत पुढे टाकला, तर आमच्या वहीतली चार पाने उपयोगी पडतील.

मालदीव म्हणजे हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेली बाराशेच्या आसपास छोटी बेटे. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्यांना कंकणद्वीपे म्हणून शिकलो, तसली पोवळ्यांची कडी. त्यांचा जगभर चालणारा ‘अ‍ॅटोल’ हा शब्द मुळात तिथल्याच धिवेही भाषेतला. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही तीच भाषा बोलतात. म्हणजे देश परका खरा, पण शेजारच्या वाड्यातला.

पण हॉटेल सोडून बोट कशाला? बुडी मारण्याच्या चांगल्या जागा एकमेकींपासून लांब असतात. हॉटेलात उतरले की रोज तिथेच परतावे लागते. बोटीवरच बिऱ्हाड केले, की आपण जेवतो-झोपतो तोवर ती पुढच्या जागी जाऊन पोचते. बरोबर ‘धोणी’ नावाची दुसरी लहान बोट असते. हवेची नळकांडी, ती भरण्याचे यंत्र आणि ओले कपडे हा सगळा संसार तिच्यावर. त्यामुळे यंत्राची घरघर झोपेच्या आड येत नाही.

ह्यांनी पहिले पान ऋतूला दिले. डिसेंबर ते एप्रिल तिथे ईशान्येचा वारा असतो. समुद्र बहुधा शांत. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्याचाच सोयरा. आम्ही मार्च धरला, पण लगेचचा नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षीचा. मुलगी चाळीस-एक बुड्या मारलेली. मला तर पोहणेसुद्धा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तलावावर जाऊन शिकावे लागले होते. तिथल्या समुद्रात प्रवाह जोराचे असतात, नवख्या माणसाने थेट तिथे उतरू नये, असे सगळ्या जाणत्यांचे म्हणणे पडले. तेव्हा आधी जानेवारीत अंदमानला चार दिवसांचे शिक्षण, वर्षभराने पुन्हा अंदमानलाच सराव, आणि मग मालदीव, असे ठरले. हे लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. त्यांना वाटले, आपल्याला कसली भीती!

दुसरे पान बोटीचे. मुलगी बोटींची चित्रे दाखवी : गादीची खोली, गच्चीवरच्या आरामखुर्च्या. हे प्रत्येक बोटवाल्याला एकच प्रश्न आधी विचारीत, “रात्री पहाऱ्याला कोण असतं?” आम्ही हसायचो. मग त्यांनी आम्हाला २०१९ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ घडलेली हकीकत वाचून दाखवली. अशाच एका पाणबुड्यांच्या बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेली चौतीस माणसे गेली. रात्री जागता पहारा नव्हता, असे चौकशीत निघाले. त्यानंतर आम्ही हसलो नाही. खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, धुराची घंटा आहे का, प्राणवायूचे नळकांडे आहे का, बॅटऱ्या कुठे लावतात, ही उत्तरे ज्याने सरळ दिली त्याचीच बोट आम्ही घेतली. गादी जरा कडक निघाली, तेवढेच.

तिसरे पान हवेचे, आणि ते ह्यांचे सर्वांत लाडके. पाण्याखाली श्वास घेण्याचे आजचे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां ह्या दोघांनी सिद्ध केले. पाठीवरचे नळकांडे बारा लिटरचे, त्यात दोनशे पट दाबाने हवा भरलेली. म्हणजे जमा २४०० लिटर. माणूस पाण्यावर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरा. पण दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून खर्चही तिप्पट, मिनिटाला साठ लिटर. त्यातले ६०० लिटर राखीव ठेवूनच वर यायचे. उरले १८००, म्हणजे तीस मिनिटे. “घाबरलीस की खर्च वाढतो,” हे मला बजावीत. “संसारातही तसंच असतं,” मी म्हणे.

चौथे पान परतीच्या विमानाचे, आणि इथे ह्यांनी जन्मात पहिल्यांदा पैसे वाया घालवले. शेवटच्या संध्याकाळी बुडी आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे स्वस्त विमान, असे तिकीट त्यांनी मोठ्या हौसेने काढून ठेवले होते. मुलीने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. खोल पाण्यात श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. हळूहळू वर आले तर तो हळूहळू निघून जातो. घाईने आले तर गोळी दाबलेल्या सोड्यासारखे अंगात बुडबुडे उठतात, सांधे धरतात, लकवाही भरू शकतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन ह्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली ह्याची कोष्टके मांडली. उंच आकाशात विमानातला दाबही जमिनीपेक्षा कमीच, म्हणून दोघांत अंतर ठेवावे लागते. कित्येक दिवस बुड्या मारलेल्या माणसाने निदान अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे; चोवीस तास राखले तर उत्तमच. तिकीट बदलले. वहीत खर्चाच्या बाजूला ह्यांनी लिहिले : ‘अज्ञानापोटी.’

आणि मग डिसेंबरात, अंदमानच्या शिक्षणाआधी, प्रकृतीचा कागद आला.

लांबलचक प्रश्नावली होती ती. हृदय, कान, फिट्स, शस्त्रक्रिया, सगळ्याला ‘होय’ की ‘नाही’ भरायचे. एकदा जरी ‘होय’ पडले, तरी डॉक्टरची सही हवी. माझ्या कागदावर रक्तदाबाचे ‘होय’ होते. डॉक्टरांनी तपासून सही दिली. सगळे कागद पाठवण्यासाठी एकत्र करताना माझी नजर ह्यांच्या कागदावर गेली. दम्याच्या प्रश्नापुढे स्वच्छ अक्षरात ‘नाही’ होते.

पावसाळ्यात ह्यांच्या उशाशी पंप असतो, हे मला माहीत, मुलीला माहीत, कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालाही माहीत.

मी कागद समोर ठेवला. हे म्हणाले, “अगं, वर्षातून दोनदा होतं ते. त्याला काय दमा म्हणायचं?”

“अहो, छत्तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या हिशेबातल्या खोट्या नोंदी शोधल्यात. ही नोंद कुणी शोधायची? समुद्राने?”

हे उठून गॅलरीत गेले. त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होते. सगळा बेत त्यांनी उभा केलेला. वहीतली प्रत्येक ओळ त्यांची.

दोन दिवसांनी ते आपण होऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. दमा असलेल्या प्रत्येकालाच नकार मिळतो असे नाही, तपासून ठरवतात. ह्यांना नळीत फुंकायला लावले, मग चालत्या पट्ट्यावर पळवले आणि पुन्हा फुंकायला लावले. दुसऱ्या खेपेचा आकडा खाली घसरला. डॉक्टर म्हणाले, “दहा मीटरवर घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. श्वासाची नळी आखडलेली असली तर ती हवा कोंडते आणि फुप्फुस फाटू शकतं. आणि जवळ इस्पितळ नाही. पाण्यावर तरंगा, नळीनं श्वास घ्या, पंप बोटीवर हाताशी ठेवा. पण खाली जाऊ नका.”

आठवडाभर वही बंद होती. “आपण बेतच रद्द करू,” असे मुलगी म्हणाली, तेव्हा हे चिडले. वही उघडली, ‘माणसे तीन’ खोडले नाही. खाली फक्त लिहिले : ‘दोन खाली, एक वर.’

ह्या वर्षीच्या मार्चमध्ये आम्ही गेलो. मुंबईहून तीन तासांच्या आतबाहेर माले, आणि विमानतळाच्या धक्क्यावरूनच बोट. बुडीच्या वेळी हे धोणीवर बसत. आम्ही उतरलो की वहीत वेळ टिपत, वर आलो की वेळ टिपत. मालदीवच्या नियमाने हौशी पाणबुड्यांना तीस मीटरची सीमा आहे. ह्यांनी माझ्यासाठी वहीत अठरा घातली होती, आणि मी ती पाळली.

चौथ्या दिवशी अरी अ‍ॅटोलमध्ये प्रवाह एकाएकी उलटला. आम्ही ठरल्या जागेपासून बऱ्याच लांब वर आलो. भोवती नुसत्या लाटा. धोणी एवढीशी दिसत होती. आमच्या वाटाड्याने नारिंगी रंगाचा लांब फुगा हवा भरून उभा केला. माझी छाती धडधडत होती. पण थोड्याच वेळात धोणी आमच्याकडे वळली. मागून कळले, फुगा पहिल्यांदा दिसला तो ह्यांना. खलाशी ठरल्या दिशेला पाहत होते; हे वेळ उलटून गेली म्हणून चहूकडे पाहत होते. मला शिडीवरून वर ओढताना ते एवढेच म्हणाले, “सहा मिनिटं उशीर.” हात मात्र कापत होता.

त्याच अ‍ॅटोलच्या दक्षिण टोकाला २००९ पासून समुद्राचा एक मोठा पट्टा संरक्षित आहे. तिथे व्हेल शार्क बारा महिने दिसतो. आपल्या कोकणातल्या मुशीचाच गोत्रज, पण पाच-सहा मीटर लांब, अंगभर पांढरे ठिपके, आणि खाणे मात्र समुद्रातल्या बारीक जीवांचे. तो पृष्ठभागाजवळून पोहतो, म्हणून त्याला पाहायला पाठीवर नळकांडे लागत नाही. नुसती चष्म्याची काच आणि तोंडात नळी पुरे.

त्या सकाळी आम्ही तिघेही पाण्यावर पालथे तरंगत होतो. मधे हे, दोन्ही बाजूंना आम्ही. खालून तो आला. घाई नाही, आवाज नाही. पालखी सरकावी तसा सरकत गेला. नियमाप्रमाणे आम्ही अंतर राखून जागीच राहिलो. ह्यांनी माझा हात दाबला आणि तो निळ्या पाण्यात दिसेनासा होईपर्यंत सोडला नाही.

बेत करणाऱ्यांना मी आता एवढेच सांगते. बोट, विमान, ऋतू ह्यांत चूक झाली तर पैसे जातात. प्रकृतीच्या कागदात चूक करू नका. तो कागद खरा भरला, तर कदाचित खाली जाता येणार नाही. पण सगळ्यांना घरी परत येता येईल.

वहीच्या शेवटच्या पानावर ह्यांनी जमाखर्च मिटवला आहे. गेली माणसे तीन, आली माणसे तीन. खाली रेघ, आणि रेघेखाली त्यांची सही.

ह्या लक्ष्मीपूजनाला त्यांनी नवी वही आणली आहे. अजून तिच्यात ‘श्री’खेरीज काही नाही. पण भाऊबीजेला मुलगी यायची आहे, आणि अनारशाचे पीठ मी जरा जास्तच भिजवले आहे.