जपानी फूड कोर्टात मैत्रिणींसोबत जेवताना

काल टोकियोतल्या एका मॉलच्या फूड कोर्टात आम्ही चौघी मैत्रिणी पोटभर जेवलो. उदोन, तेंपुरा, ओनिगिरी आणि ऑक्टोपसचे गरमागरम ताकोयाकी! प्रत्येकीने वेगळं घेतलं आणि सगळ्यांनी सगळं चाखलं.

पहिल्यांदा जाणार असाल तर हे लक्षात ठेवा:

🍜 आधी जागा धरा, मग ऑर्डर द्या. बऱ्याच काउंटरवर हातात बजर देतात. तो वाजला की ट्रे आपणच आणायचा आणि जेवल्यावर परत नेऊन ठेवायचा.

🥢 वाटून खाताना एकीच्या चॉपस्टिक्समधून दुसरीच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका. दहनानंतर अस्थी तशा उचलून देतात, म्हणून ते अशुभ मानतात. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचणंही तसंच. घास सरळ समोरच्याच्या ताटलीत ठेवा.

🐟 शाकाहारी मंडळींनो, उदोनचा रस्सा विचारूनच घ्या! त्यात बहुतेक वेळा 'दाशी' असतं. ते कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेला कात्सुओ मासा यांपासून बनतं. कोंबूच्याच अर्काचा अभ्यास करून जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये 'उमामी' ही चव ओळखली.

🙏 जेवणाआधी 'इतादाकिमास', जेवून झाल्यावर 'गोचिसोसामा'. आपल्या 'अन्नदाता सुखी भव'सारखीच ही कृतज्ञता. २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेल्या 'वाशोकु' या जपानी आहारपरंपरेचा हा गाभाच आहे.

तुम्ही पहिल्यांदा कोणता जपानी पदार्थ खाल्लात? नक्की सांगा!