सॉफ्टवेअरची देखभाल, भाग ९ : रीनेम केल्यावर उरलेलं काम

मॉड्यूलला नाव देताना काय बघावं, हे मागच्या भागात पाहिलं. पण चांगलं नाव बहुतेक वेळा उशिरा सुचतं, आणि तोवर जुनं नाव सगळ्या प्रोजेक्टभर पसरलेलं असतं. ते कुठे कुठे दडून बसतं, ते आज पाहू.

उदाहरण पायथनचंच घेऊ. ३ डिसेंबर २००८ला पायथन ३.० आलं. मॉड्यूलची नावं लहान अक्षरांत असावीत, हा 'पेप ८'मधला संकेत खुद्द स्टँडर्ड लायब्ररीतली काही जुनी मॉड्यूल पाळत नव्हती. 'पेप ३१०८' या प्रस्तावाने ती नावं सरळ केली. 'कॉन्फिगपार्सर' या मॉड्यूलच्या नावातले सी आणि पी कॅपिटल होते, ते लहान झाले. 'क्यू' आणि 'सॉकेटसर्व्हर' यांचंही तसंच झालं.

वाटतं, एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला चालवलं की झालं. इथेच घात होतो. कॉन्फिगपार्सर या मॉड्यूलमध्ये त्याच नावाचा क्लासही आहे, आणि क्लासचं नाव कॅपिटल अक्षरांसह तसंच राहिलं. जुन्या कोडमध्ये मॉड्यूल, मग टिंब, मग क्लास असं एकच नाव दोनदा यायचं. त्यातलं पहिलं बदलायचं आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. सरसकट बदल करणाऱ्याने दोन्ही बदलली की कोड बंद पडलाच.

'यूआरएललिब'ची गोष्ट याहून अवघड. यूआरएललिब, यूआरएललिब २ आणि यूआरएलपार्स अशी तीन जुनी मॉड्यूल होती. त्यांतला मजकूर वेगळा करून नव्या पॅकेजमध्ये रिक्वेस्ट, पार्स, एरर अशा उपमॉड्यूलमध्ये वाटला गेला. जुन्या यूआरएललिबमधलं 'कोट' हे फंक्शन पार्समध्ये गेलं, तर 'यूआरएलरिट्रीव्ह' रिक्वेस्टमध्ये. म्हणजे इम्पोर्टची एक ओळ बदलताना खाली त्यातलं नेमकं काय वापरलंय ते बघावंच लागतं. म्हणून पायथनसोबत 'टू-टू-थ्री' हे साधन दिलं गेलं. ते अक्षरं जुळवत नाही, कोडची रचना वाचून बदल करतं. तुमच्या प्रोजेक्टमध्येही रीनेम करताना एडिटरचं रिफॅक्टर वापरा. साधा शोध पडताळणीसाठी ठेवा.

पडताळणी मात्र हवीच, कारण इम्पोर्ट चुकलं तर निदान 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणून प्रोग्राम ओरडतो. जी नावं अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहिलेली असतात, ती रिफॅक्टरच्या नजरेतून सहज सुटतात. टेस्टमधल्या पॅचला दिलेला पत्ता, जँगोच्या सेटिंगमधली इन्स्टॉल केलेल्या ॲपची यादी, लॉगिंगच्या कॉन्फिगमधलं लॉगरचं नाव, ही सगळी अशीच. त्याहून खोलवर जातो तो साठवलेला डेटा. 'पिकल' वापरून ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवला की त्याच्या क्लाससोबत मॉड्यूलचं नावही फाइलमध्ये जातं. पुढे कधीतरी ती फाइल उघडली की ती जुन्याच मॉड्यूलचा शोध घेते. स्टँडर्ड लायब्ररीतल्या बदललेल्या नावांसाठी पायथनने पिकलमध्येच जुन्या-नव्या नावांचा तक्ता ठेवला आहे. तुमच्या मॉड्यूलसाठी तो कुणी ठेवलेला नसतो.

आता डॉक्युमेंटेशन. हे काम 'नंतर करू' म्हणून बाजूला पडतं, आणि माझा खरा आग्रह इथेच आहे: रीनेम आणि डॉक्युमेंटेशन एकाच पुल रिक्वेस्टमध्ये गेलं पाहिजे. चुकलेलं इम्पोर्ट लिहिणाऱ्याला लगेच दिसतं. चुकलेलं पान मात्र नव्याने शिकणाऱ्याला सापडतं, आणि तो दोष स्वतःला देतो. रीडमीतली पहिली पाच ओळींची कृती जशीच्या तशी उतरवून चालत नसेल, तर तो माणूस तिथूनच परत जातो.

पानांच्या बाबतीत साधनंही गप्प राहतात. 'स्फिंक्स'मध्ये ऑटोमॉड्यूलला जुनं नाव राहिलं, तर बिल्ड फक्त वॉर्निंग देतो आणि साइट तयार होते. मॉड्यूलचं पान असतं, पण त्यावर माहिती नसते. मजकुरातले तुटलेले संदर्भ तर एरवी कळतही नाहीत. म्हणून बिल्डला कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय द्यावा, म्हणजे वॉर्निंगला बिल्ड अडेल. आणि स्मॉल एनचा द्यावा, म्हणजे न सापडलेला प्रत्येक संदर्भ पुढे येईल. उदाहरणांसाठी 'डॉकटेस्ट' आहे. पानावरचा कोड ते खरोखर चालवून बघतं.

एक जागा मात्र बदलू नये. चेंजलॉगमधल्या जुन्या नोंदी तेव्हाच्या नावानेच राहू द्याव्यात. त्या आवृत्तीत ते मॉड्यूल त्याच नावाचं होतं. सरसकट बदल करताना ही फाइल वगळा आणि सर्वांत वर नवी नोंद लिहा: जुनं नाव, नवं नाव, कोणत्या आवृत्तीपासून. डॉक्युमेंटेशनमध्येही जुनं नाव एकदा तरी दिसू द्या, कारण अडलेला माणूस तेच शोधत येणार. पायथन २.७च्या कॉन्फिगपार्सरच्या पानावर, पायथन ३मध्ये याचं नाव बदललंय, अशी ठळक टीप होती.

जुनं नाव कोडमध्ये किती दिवस चालू ठेवायचं? 'कलेक्शन्स'मधले मॅपिंगसारखे अमूर्त क्लास ३.३ आवृत्तीत, २०१२ साली, 'कलेक्शन्स.एबीसी'त गेले. जुना पत्ता २०२१च्या ३.१०पर्यंत चालत होता. इतका अवधी असूनही तो बंद झाला तेव्हा अनेक लायब्ऱ्या मोडल्या. डेप्रिकेशनची वॉर्निंग वापरलेल्या लायब्ररीच्या आतून आली, तर पायथन ती एरवी दाखवतच नाही. तेव्हा जुन्या नावाची पातळ फाइल ठेवून तिच्यातून वॉर्निंग द्याच, पण तेवढ्यावर विसंबू नका. टेस्ट चालवताना या वॉर्निंग एरर म्हणून धरा, आणि ती फाइल कोणत्या आवृत्तीत काढणार हे वॉर्निंगमध्येच लिहा.

पुढच्या भागात : गिट रीनेमची नोंद ठेवत नाही, फायलींमधलं साम्य पाहून अंदाज बांधतं. तो अंदाज चुकू नये म्हणून कमिट कसे पाडायचे?