इंजिनाचा इवलासा द्वारपाल

ताम्हिणी घाट पाहिलाय का तुम्ही? नसेल पाहिला, तर नकाशा काढा. पुण्याहून पश्चिमेला निघालं की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पौड ही गावं लागतात. पुढे मुळशी धरणाचा भला मोठा जलाशय रस्त्याला सोबत करतो. मग सह्याद्री ओलांडून हाच रस्ता ताम्हिणी घाटातून खाली कोकणात उतरतो.

पावसाळ्यातल्या रविवारी या रस्त्यावर गाड्यांची नुसती जत्रा भरते! त्यात एखादी स्पोर्ट्स कारही असते. बुटकी, रुंद, जमिनीला चिकटून धावणारी आणि दोघांनाच बसता येईल अशी. ती दिसली की आमच्या मुळशीतली मुलं खेळ सोडून रस्त्याकडे धावतात. पण कधी कधी अशीच एखादी दिमाखदार गाडी घाटातल्या वळणावर गपगार उभी असते. आतून वाफ येत असते आणि मालक डोक्याला हात लावून शेजारच्या कठड्यावर बसलेले असतात.

एवढी महागाची गाडी! तिला झालं तरी काय? कारणं बरीच असू शकतात. पण त्यातलं एक कारण तुमच्या मुठीत मावेल एवढं छोटं आहे. त्याचं नाव थर्मोस्टॅट. आज आपण या थर्मोस्टॅटची ओळख करून घेऊ, आणि त्याच्या निमित्ताने बिघाड शोधायचा कसा हेही पाहू.

इंजिन तापतं कशामुळे?

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा आतल्या वायूंचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. इंजिनाचे पुष्कळ भाग ॲल्युमिनियमचे असतात, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळतं! मग इंजिन वितळत कसं नाही? कारण त्याच्या अंगात पाण्याच्या वाटा कोरलेल्या असतात. वॉटर पंप या वाटांमधून पाणी खेळवतो. तापलेलं पाणी वरच्या पाईपमधून रेडिएटरमध्ये येतं, तिथे वाऱ्याने निवतं आणि खालच्या पाईपमधून परत इंजिनात जातं. हे नुसतं पाणी नसतं बरं का! त्यात कूलंट नावाचं रसायन मिसळलेलं असतं. त्यामुळे पाणी उशिरा उकळतं आणि धातू गंजत नाही.

घाट चढताना इंजिनाला जास्त राबावं लागतं. मुळशीचं पाणी कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं आणि १९२७ सालापासून तिथे वीज तयार होते आहे. कोकणातून माणगाव, निजामपूर, विळे असं करत येणारी गाडी याच डोंगराची चढण चढत असते. पाणी उतरताना जी ताकद देतं, तीच ताकद गाडीला चढताना खर्चावी लागते. ताकद जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल जास्त म्हणजे उष्णताही जास्त!

गार इंजिनही नको!

तुम्ही म्हणाल, मग इंजिन सतत गारेगार ठेवलं तर? तेही चालत नाही. गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, ऑईल घट्ट राहतं, भाग लवकर झिजतात, धूर जास्त होतो. आपल्या शरीराला जसं ३७ अंशांच्या आसपास बरं वाटतं, तसं इंजिनाला साधारण ९० अंशांच्या आसपास बरं वाटतं.

म्हणून इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर एक द्वारपाल बसवलेला असतो. तोच आपला थर्मोस्टॅट! इंजिन गार असलं, की तो दार बंद ठेवतो. पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेलं तापमान आलं, की तो दार उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. हे तापमान त्याच्या अंगावर कोरलेलंच असतं. पुष्कळ गाड्यांत ते ८२ किंवा ८८ अंश असतं.

आता गंमत ऐका. याला ना वीज लागते, ना बॅटरी. त्याच्या पोटात पितळेची एक छोटीशी डबी असते आणि डबीत असतं चक्क मेण! मेण वितळलं की फुगतं. फुगलेलं मेण एका दांडीला रेटतं, आणि त्या रेट्यानं झडप उघडते. मेण निवलं की आकसतं आणि स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते. झालं! (हल्लीच्या काही गाड्यांत मेणाला विजेचीही मदत असते, पण मूळ युक्ती तीच.)

मेण खरंच आकसतं का, हे घरी पाहता येईल. आईबाबांना सोबत घ्या. जुन्या वाटीत मेणबत्तीचे तुकडे टाका आणि वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण वितळवा. आता वाटी बाहेर काढून न हलवता निवू द्या. मेण थिजल्यावर मधोमध खळगा पडलेला दिसेल. द्रवरूप मेणाने जेवढी जागा व्यापली होती, तेवढी घट्ट मेणाला लागत नाही, म्हणून हा खळगा.

ही युक्ती फार जुनी नाही. मेणाचा थर्मोस्टॅट सर्जियस व्हर्ने या संशोधकाने १९३० च्या दशकात तयार केला. पण तापमान आपोआप सांभाळायची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी एक पेटी केली होती. पेटी जास्त तापली की आतला द्रव फुगायचा, पारा सरकायचा आणि भट्टीची हवा कमी व्हायची. म्हणजे मोटारीच्या थर्मोस्टॅटचा पणजोबा कोंबड्यांच्या पिलांसाठी जन्माला आला म्हणायचा!

रोग ओळखायचा कसा?

आता समजा, एक लाल स्पोर्ट्स कार माणगावहून निघाली. सपाटीवर सगळं ठीक होतं. विळे मागे पडलं, चढण लागली आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. गाडी कशीबशी मुळशीला पोचली आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेली. चांगला मेकॅनिक लगेच पाना उचलत नाही. आधी तो डॉक्टरांसारखे प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : कूलंट पुरेसं आहे का? कुठे गळती आहे का? टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी असेल आणि पाईप कोरडे असतील, तर हे कारण बाद.

दुसरा प्रश्न : गाडी केव्हा तापते? फक्त सिग्नलला उभी असताना तापत असेल, तर संशय पंख्यावर. कारण चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला पंखाच वारा घालतो. आपली लाल गाडी तर धावताना तापली. म्हणजे पंख्यावरचा संशय कमी.

तिसरा प्रश्न : पाणी फिरतंय का? यासाठी मेकॅनिक गार इंजिन चालू करतो आणि रेडिएटरच्या पाईपवर लक्ष ठेवतो. थर्मोस्टॅट ठणठणीत असेल, तर पाईप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होऊ लागला, तर दार उघडंच अडकलंय. काटा वर चढला तरी पाईप गारच राहिला, तर दार बंद अडकलंय.

आपल्या लाल गाडीचा वरचा पाईप गरम झाला, पण खालचा मात्र कोमटच राहिला. आता आली का पंचाईत! दार पूर्ण बंद नाही, म्हणून गाडी सपाटीवर चालते. पण पाणी पुरेसं जात नाही, म्हणून चढणीला तापते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल तरी असंच होतं, आणि रेडिएटर आतून गाळाने भरला असेल तरी असंच होतं. मग खरा गुन्हेगार कोण? अंदाजाने दोन्ही बदलायचे का? छे! अंदाजापेक्षा परीक्षा स्वस्त पडते.

भांड्यातली परीक्षा

मेकॅनिक थर्मोस्टॅट बाहेर काढतो. त्याच्या झडपेत दोऱ्याचं टोक अडकवतो आणि त्याच दोऱ्याने त्याला पाण्याच्या भांड्यात लोंबकळत ठेवतो. बुडाला टेकू द्यायचा नाही, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापतं. शेजारी १०० अंशांच्या पुढे जाणारा थर्मामीटर असतो. (ताप मोजायचा थर्मामीटर इथे मुळीच वापरू नका, तो फुटेल!) आता भांड्याखाली गॅस लावायचा आणि बघत राहायचं. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन् खाली पडतो. त्या क्षणाचं तापमान लिहून घ्यायचं. मग पाणी आणखी तापवून झडप किती उघडते ते पाहायचं. ती साधारण आठ ते दहा मिलिमीटर उघडायला हवी.

आपला थर्मोस्टॅट उघडला खरा, पण नुसता किलकिला. पाणी उकळू लागलं तरी त्याचं दार काही पुरतं उघडेना. सापडला की नाही चोर!

नवा बसवताना

नवा थर्मोस्टॅट बसवणं हे मोठ्या माणसांचं आणि जाणकाराचं काम. पण आईबाबांनी आणि तुम्हीही ते समजून घ्यायला काय हरकत आहे?

१. इंजिन पूर्ण गार हवं. त्याला काही तास द्यायचे.

२. खाली परात ठेवून थोडं कूलंट काढून घ्यायचं. ते उघड्यावर ठेवायचं नाही. कूलंट गोडसर लागतं, पण ते विष आहे. कुत्र्यामांजरांनी ते चाटलं तर जिवावर बेततं.

३. पाईपची क्लिप सैल करायची, घराचे बोल्ट काढायचे आणि जुना थर्मोस्टॅट काढताना तो कोणत्या तोंडाने बसला होता ते पाहून ठेवायचं. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला असते. उलटा बसवला तर नवा असूनही तो वेळेवर उघडणार नाही.

४. जुन्या गॅस्केटचे कण खरवडून नवं गॅस्केट बसवायचं. बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या घराला तडा जातो.

५. कूलंट भरून पाईपमधली हवा काढायची. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये हे काम किचकट असतं. दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीने २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ ही भारतीय स्पोर्ट्स कार दाखवली होती. तिचं इंजिन सीटांच्या मागे होतं. अशा रचनेच्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटर पुढे असतो आणि इंजिन मागे. पाणी लांबलचक पाईपमधून फिरतं. कुठे हवेचा बुडबुडा अडकला, की पाणी अडलं आणि गाडी पुन्हा तापली! म्हणून ठिकठिकाणचे हवा काढायचे स्क्रू सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरावा लागतो.

“काढूनच टाका ना!”

काहीजण पालकांना सल्ला देतात, “आपल्याकडे एवढं ऊन! थर्मोस्टॅट हवाय कशाला? काढूनच टाका.” गाडी तापायची थांबते, म्हणून सल्ला पटतोही. पण मग इंजिन नेहमी गारठलेलं राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि हळूहळू झिजतं. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट मधली आडवाट बंद करतो. तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं आणि गाडी उलट तापू शकते! द्वारपाल आजारी पडला तर नवा नेमायचा, दारच काढून टाकायचं नाही.

हे मात्र पाठ करा

घाटात काटा लाल रेघेकडे गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा. हीटरमुळे इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं! तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. ते झाकण म्हणजे कुकरचं झाकणच समजा. आत दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, सगळं पाणी एकदम उकळतं आणि कारंज्यासारखं तोंडावर उडतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाजवळ हात नेल्यावर धग लागत असेल, तर आणखी थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाईल. पंख्यापासूनही लांब राहा. इंजिन बंद असतानाही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

घाटात तुमची गाडी अशी थांबली आणि कोणी घाईने झाकणाकडे हात नेऊ लागलं, तर वयाने लहान असलात तरी मोठ्याने सांगा, “थांबा, आधी निवू द्या!” तेवढा वेळ मुळशीचं पाणी आणि ढगात लपलेले डोंगर पाहायला आहेतच की!