ओढ्यावर तेलाचा तवंग? जिवाणू आणि कोळसा करतील इलाज!

औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला ज्यांची शेती आहे, त्यांना ओढ्यावरचा रंगीत तवंग काही नवा नाही. यंत्रांचे वंगण, लेथवरचे कटिंग ऑईल, गॅरेजमधले धुणे हे सगळे पाण्यात उतरते आणि मोटारीने शेतात येते. सुरुवातीला काही जाणवत नाही. मग माती पाणी पीत नाही, मुळांना हवा मिळत नाही, बी उगवत नाही आणि उगवले तर पिवळे पडते.

पिवळे का पडते? न कुजलेले शेणखत घातल्यावर पडते, तसेच. तेल म्हणजे बहुतांश कर्ब. तो खायला मातीतले जिवाणू तुटून पडतात आणि त्यांना लागणारे नत्र पिकाच्या तोंडचे ओढतात. म्हणजे तेल खाणारे जिवाणू निसर्गातच आहेत. त्यांच्याकडून हे काम कारखान्याने आपल्या हौदातच करून घ्यायला हवे.

ते कसे करतात? आधी तरंगणारे तेल वरच्यावर काढून घेतात. दुधासारखे मिसळलेले तेल तुरटी टाकून आणि हवेचे बारीक बुडबुडे सोडून वर आणतात. उरलेले तेल सुडोमोनाससारख्या जिवाणूंच्या हवाली करतात. त्यांना हवा लागते, नत्र-स्फुरद लागते. म्हणून अशा हौदात युरिया आणि डीएपीसुद्धा टाकतात. १९८९ साली अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावरच्या जिवाणूंना जोर यावा म्हणून खतच टाकले होते.

शेवटी येतो सक्रिय कोळसा. हा नारळाच्या करवंटीपासूनही बनतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचे क्षेत्र ५०० ते १,५०० चौरस मीटर, म्हणजे पाच ते पंधरा गुंठे भरते! त्यात तेलाचे अंश चिकटून बसतात. त्याच कोळशावर जिवाणूंची वस्ती झाली, तर चिकटलेले तेल ते खातात आणि कोळसा जास्त दिवस चालतो. रायझोबियमच्या पाकिटात लिग्नाईटची भुकटी असते ना? जिवाणूला घर लागते, तोच हा न्याय. आपल्या देशात टेरी या संस्थेने 'ऑइलझॅपर' नावाचे जिवाणूंचे मिश्रण तयार केले. त्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भुगा वापरतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा ते वापरले गेले.

पण हे रामबाण नव्हे. जड धातू जिवाणू खात नाहीत. तेलाचा जाड थर असेल तर हवा आत जात नाही. वापरून झालेला तेलकट कोळसा कारखान्याने नियमाप्रमाणेच निकालात काढायचा असतो. तो 'खत' म्हणून कुणी बांधावर टाकू लागला तर घेऊ नका. आणि आपल्याकडचे रायझोबियमचे पाकीट ओढ्यात टाकून तेल जाणार नाही, पैसे वाया जातील.

मग शेतकऱ्याने काय करायचे? तवंगाला काडीने डिवचा. तुकडे होऊन तसेच राहिले, तर तो बहुधा लोहाच्या जिवाणूंचा. लगेच पुन्हा जुळला, तर तेलाचा. तेल असेल तर मोटार बंद ठेवा. नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. प्लॅस्टिकला तेल चिकटते आणि आकडा कमी येतो. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. ओढ्यात किंवा शेतीसाठी सोडायच्या सांडपाण्यात तेल-वंगण लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे. अर्जात हा आकडा जरूर लिहा. एकट्याने देण्यापेक्षा ओढ्याकाठच्या सगळ्यांनी मिळून दिलेला अर्ज लवकर हलतो.