गोळी तीच, मात्रा तीच, मग फरक कशाने पडला?

खडवलीत आमच्या घराजवळ एक काका राहतात. पार्किन्सन्सला आठेक वर्षं झाली. पीएचडी करणाऱ्याला गावात अर्धा डॉक्टर समजतात, त्यामुळे परवा त्यांनी मला थांबवलं. "अरे, सकाळी आठची गोळी एखाद्या दिवशी अर्ध्या तासात लागू पडते, एखाद्या दिवशी दहा वाजले तरी पाय उचलत नाही. कंपनीने माल बदलला की काय?"

मी डॉक्टर नाही. पण विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? कधी पाण्याबरोबर, कधी कपभर दुधाबरोबर. आणि दिवाळीपासून रोज चमचाभर कवचबीजाची पूडही. ती डॉक्टरांना सांगितली नव्हती, कारण "ते काय औषध थोडंच आहे!"

खरं तर ते औषधच आहे, आणि योगायोग असा की गोळीत आहे तेच.

पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामाइन कमी पडतं. बाहेरून डोपामाइन दिलं तर ते मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याच्या आधीच्या पायरीचा रेणू, लेव्होडोपा, देतात. पण रक्तात आणि आतड्यात असलेलं एक विकर वाटेतच त्याचं डोपामाइन करून टाकतं. मग मळमळ होते आणि मेंदूला उरतं थोडंसंच. त्या विकराला अडवायला गोळीत कार्बिडोपा असतं. पट्टीवरच्या आकड्याचा अर्थ इथे लागतो: ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, २७५ म्हणजे २५० आणि २५. नाव तेच आणि आकडा वेगळा, तर औषध वेगळं समजायचं. दुकानदाराने "हेच आहे हो" म्हटलं तरी आकडा स्वतः वाचायचा.

आता दुधाचं बघू. लेव्होडोपा हे अमिनो आम्लच आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याला जे वाहक प्रथिन लागतं, तेच दूध, डाळ, अंडी, पनीर यांतून आलेल्या ल्युसिन, फिनाइलअॅलनिन वगैरे मोठ्या अमिनो आम्लांनाही लागतं. सकाळी खडवलीला मुंबईकडची लोकल येते तेव्हा दारात आसनगाव-वासिंदची माणसं आधीच लटकलेली असतात. गाडी वेळेवर आली तरी आपण फलाटावरच! लेव्होडोपाचं तसंच होतं. त्यात ते शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे जड जेवणाने जठर रिकामं व्हायला उशीर लागला की आणखी खोळंबा. कार्बिडोपा सोबत असूनही रक्तातली पातळी साधारण दीड तासात निम्मी होते, म्हणून अशा उशिराला फार किंमत आहे. साधारण सल्ला असतो तो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने गोळी घेण्याचा. फार मळमळत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट चालतं. प्रथिनं मात्र स्वतःच्या मनाने तोडायची नाहीत, वजन उतरतं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीतही अंतर ठेवावं लागतं, कारण लोह लेव्होडोपाला आतड्यातच धरून बसतं.

आता पूड. कवचबीज म्हणजे आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या खाजकुइलीचं बी. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली त्यातून लेव्होडोपा वेगळा केला. त्या वेळी पार्किन्सन्सशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. नंतर १९७८ मध्ये मुंबईच्या वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, आणि १९९५ मध्ये 'एचपी-२००' या बियांच्या पुडीची ६० रुग्णांवरची १२ आठवड्यांची चाचणी आली. रुग्ण सुधारले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि हे वाचताना पेन्सिल थांबली पाहिजे. लंडनमधली २००४ ची चाचणी दुहेरी अंध होती, मात्र रुग्ण फक्त ८. तिच्यात ३० ग्रॅम पूड सरासरी ३५ मिनिटांत लागू पडली, नेहमीच्या गोळीला ६९ मिनिटं लागली. म्हणजे पूड निरुपयोगी मुळीच नाही. पंचाईत वेगळीच आहे.

समजा बियांत लेव्होडोपा ४ टक्के आहे, तर १० ग्रॅम पुडीत ४०० मिलिग्रॅम. ६ टक्के असेल तर ६००. झाड, माती, प्रक्रिया यांनुसार हे बदलतं आणि सुट्या पुडीवर आकडा नसतो. नुसती पूड घेतली तर बरंचसं वाटेत वाया जातं. काकांच्या पोटात मात्र गोळीतला कार्बिडोपा आधीच हजर! तो पुडीतल्या लेव्होडोपालाही वाचवतो. संध्याकाळी त्यांची मान आणि खांदा वळवळायला लागले होते. घरचे म्हणत होते आजार वाढला. ते औषध जास्त झाल्याचं लक्षणही असू शकतं, आणि दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट.

काका लगेच म्हणाले, "मग गोळ्याच बंद करतो, पूड ठेवतो." इथे मी खरंच घाबरलो. लेव्होडोपा एकदम थांबवला तर ताप, कमालीचा ताठरपणा, भ्रम असं जीवावर बेतू शकतं. पूडही अनेक महिने घेतलेली असेल तर ती कशी कमी करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं. मळमळीसाठी परस्पर मेटोक्लोप्रमाइड घेणंही वाईट, कारण ते मेंदूतल्या डोपामाइनची वाट अडवतं.

तुमच्यापैकी कुणी पुढे औषधांवर काम करणार असाल तर ध्यानात घ्या, 'रुग्णाने १०० मिलिग्रॅम घेतले' ही नोंद अपुरी आहे. किती वाजता, कशासोबत, आधी काय खाल्लं होतं, आणखी काय चालू आहे, हे नसेल तर दोन दिवसांतला फरक गोळीचा की दुधाचा, सांगताच येणार नाही.

आम्ही काकांसाठी वहीचं एक पान आखलं: वेळ, गोळी, खाणं, पूड, हालचाल मोकळी की अडकलेली. आठ दिवसांनी ते पान घेऊन काकू त्यांच्यासोबत न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्या. डॉक्टरांनी पूड टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितली आणि दूध दहाच्या पुढे ढकललं. सकाळ आता बरीच सुरळीत आहे. दुपारी तीनच्या सुमारास मात्र पाय अजून अडकतात, त्यासाठी दुसरं पान भरणं चालू आहे.